दीड महिन्याची रजा

आषाढीसाठी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी पंढरपूर गाठून परत फिरते, तेव्हा परतीचा शेवटचा मुक्काम खामगावला असतो. तिथून शेगाव सोळा-सतरा किलोमीटर. १९६८ पासून चालत आलेल्या या पायी वारीत जाऊन-येऊन सगळी वाट चालणारे वारकरी काही शेकडाच असतात. परंतु या शेवटच्या टप्प्याला आमच्या बुलढाणा जिल्ह्यातली गावेच्या गावे रस्त्यावर उतरतात. ज्यांना पंढरपूर शक्य नाही, त्यांची वारी ही. चिखली तालुक्यातली माझी आत्या त्यांतलीच एक. आदल्या संध्याकाळी एस.टी.ने खामगावला यायचे आणि पहाटे पालखीबरोबर शेगावच्या वाटेला लागायचे, हा तिचा वीसेक वर्षांचा नेम.

तीन वर्षांपूर्वी तो नेम मोडला. निम्मी वाटही झाली नव्हती, तोच आत्या रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसली आणि तिने उजव्या पायातली चप्पल काढली. मी सोबत होतो. आत्याच्या पायांना हात लावून मी शेकडो वेळा नमस्कार केला असेल. पण ते पाय पाहिले असे त्या दिवशी पहिल्यांदाच. अंगठा आपली जागा सोडून शेजारच्या बोटांवर रेलला होता. दुसरे बोट त्याच्यावर चढून बसले होते. अंगठ्याच्या मुळाशी, पायाच्या आतल्या कडेला, लिंबाएवढी गाठ वर आली होती आणि चपलेच्या पट्ट्याने घासून लालभडक झाली होती. डाव्या पायाची गत थोडी बरी, इतकेच.

“हे कधीपासून आहे, आत्या?”

“झाले असतीन पंधरा-वीस वरीस. पाय दुखते म्हून कोनी घरी बसते का बाप्पा?”

आत्याचे हे उत्तर एकटीचे नाही. तिच्या वयाच्या कितीतरी बायका हेच सांगतील. आज या पायाच्या दुखण्यावर लिहायचे ठरवले ते त्यामुळेच.

या विकाराला डॉक्टर ‘हॅलक्स व्हॅल्गस’ म्हणतात. इंग्रजीतले बोलीतले नाव ‘बनियन’. डॉक्टरांनी ते उच्चारले तेव्हा आत्या माझ्याकडे पाहून म्हणाली, “बनियन त अंगात घालतेत, पायात कशी गेली?” डॉक्टरही हसले. घरोघरी मात्र याला ‘हाड वाढलं’ असे म्हणतात, किंवा कुरूप समजून त्यावर पट्ट्या चिकटवत बसतात. वास्तविक ते कुरूप नव्हे आणि सहसा नवे हाडही वाढलेले नसते. पावलात अंगठ्याच्या मागे जे लांब हाड असते ते हळूहळू आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पावलाकडे सरकते. आणि अंगठा उलट दिशेने, इतर बोटांकडे कलतो. दोघांच्या मधला सांधा कोपरासारखा बाहेर येतो. गाठ दिसते ती त्या कोपराची. एक्स-रेवर हा कोन मोजतात. साधारण पंधरा अंशांपर्यंतचा कल नेहमीचा मानतात, चाळीसच्या पुढे गेला की विकार तीव्र. मात्र हा एक्स-रे रोग्याला उभे करून, पायावर भार देऊन काढावा लागतो. झोपून काढला तर अंगठा भाबडा दिसतो आणि खरा कोन लपून राहतो.

हे होते का? याचे एकच एक उत्तर नाही. पुष्कळदा ते आईकडून किंवा आजीकडून आलेले असते. पायाची ठेवणच तशी असते. सांध्यांच्या आमवातात तो होतो. बायकांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. आणि या सगळ्यात तेल ओतते ते पादत्राण. हाँगकाँगमध्ये १९५८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. बूट वापरणाऱ्या चिनी माणसांपैकी सुमारे तेहेतीस टक्क्यांच्या अंगठ्यांत हा कल आढळला. अनवाणी राहणाऱ्यांत दोन टक्क्यांच्या आसपास. इंग्लंडात केंब्रिजच्या जुन्या दफनभूमींतले एकशे सत्त्याहत्तर सांगाडे तपासून २०२१ साली संशोधकांनी असेच काही मांडले. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या सांगाड्यांत सहा टक्क्यांच्या पायात हा विकार होता, तर चौदाव्या-पंधराव्या शतकात सत्तावीस टक्क्यांच्या. मधल्या काळात काय घडले? टोकदार बुटांची फॅशन आली. गावाबाहेरच्या गरिबांच्या दफनभूमीत हे प्रमाण अगदी थोडे, श्रीमंतांच्या आणि धर्मगुरूंच्या थडग्यांत जास्त. वाकडा अंगठा ही एके काळी प्रतिष्ठेची किंमत होती तर!

आमच्या आत्याने मात्र टोकदार बूट जन्मात घातला नाही. तिच्या आईचा अंगठाही असाच होता, हे तिला विचारल्यावर आठवले. तिच्या पायात वर्षानुवर्षे बाजारातली प्लास्टिकची चप्पल, एक माप लहान असली तरी ‘चालते’ म्हणून घेतलेली. त्या चपलेवर तिने काळ्या मातीत निंदण केले, सोयाबीनच्या सोंगणीनंतर धसकटांतून चालली, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कापूस वेचला. वेचणीला मजुरी किलोवर. बसले की किलो कमी. पाय दुखतो ही तक्रार करायला वेळ कुठला?

आता शस्त्रक्रियेकडे येऊ, कारण सध्या बोलबाला तिचा आहे. आतेभावाने मोबाइलवर एक जाहिरात पाहिली: टाके नाहीत, व्रण नाही, त्याच दिवशी चालत घरी. तो म्हणाला, “आईचं हेच करून टाकू.” मीही मान डोलावली. “छोटंसं तर ऑपरेशन आहे,” असे आत्याला सांगणारा मीच होतो. त्या वाक्याची किंमत पुढे कळली.

जुन्या पद्धतीत अंगठ्याच्या कडेने बोटभर लांब छेद घेऊन, सांधा उघडून, हाड कापून सरळ करीत. आजही अनेक ठिकाणी तशीच करतात आणि ती वाईट नाही. या विकारासाठी आजवर शंभराहून अधिक प्रकारच्या शस्त्रक्रिया सुचवल्या गेल्या आहेत. एकच सर्वांत चांगली ठरली असती तर बाकीच्या मागे पडल्या असत्या. लहान छेदांची पद्धत अमेरिका, ऑस्ट्रिया, स्पेन, फ्रान्स अशा देशांत गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत टप्प्याटप्प्याने घडत गेली. आरंभी कापलेले हाड नुसत्या पट्टीने किंवा तारेने धरून ठेवीत. त्यात ते सरकण्याचा धोका असे. गेल्या पंधरा वर्षांत ते स्क्रूने पक्के बसवण्याची रीत रूढ झाली आणि या पद्धतीला बळ आले.

लोक याला ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हणतात. पण यात दुर्बीण नसते. पावलाचा भाग बधिर करून तीन ते पाच मिलिमीटरचे काही छेद घेतात. त्यांतून दाताच्या डॉक्टरांकडे असते तशी, पण सावकाश फिरणारी बारीक टोकाची कानस आत जाते. ती तापून कातडी भाजू नये म्हणून तिच्यावर पाण्याची धार सोडत राहतात. हाड डोळ्यांना दिसत नाही. शेजारच्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पाहत काम चालते. लांब हाड डोक्यापाशी कापून, ते डोके बाहेरच्या बाजूला सरकवून स्क्रूने बसवतात. गरज असेल तर अंगठ्याच्या हाडातूनही छोटी पाचर काढून तो सरळ करतात. छेदांवर जेमतेम एखादा टाका. मग अंगठा सरळ धरून ठेवणारे बँडेज आणि कडक तळाचा एक बूट. तो घालून टाचेवर भार देत रोगी त्याच दिवशी चार पावले टाकू शकतो. जाहिरातीत खोटे काही नव्हते. फक्त अर्धेच होते.

उरलेले अर्धे असे. आपल्या मनात ‘लहान छेद म्हणजे लहान आजार’ हे समीकरण पक्के बसले आहे आणि त्याला कारणही आहे. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी पित्ताशय काढण्याची देशातली पहिली दुर्बिणीची शस्त्रक्रिया केली. तोवर ज्या ऑपरेशनसाठी पोटावर वीतभर छेद लागे, ते चार भोकांतून होऊ लागले आणि माणसे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जाऊ लागली. पण पित्ताशय काढले की काढले. हाडाचे तसे नसते. इथे हाड मुद्दाम मोडून नव्या जागी बसवलेले असते आणि ते जुळायला सहा आठवड्यांपासून तीन महिने लागतात. कातडीवर छेद लहान घेतला म्हणून आतले हाड लवकर जुळत नाही. जुन्या आणि नव्या पद्धतींची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा एकंदर सूरही हाच आहे: लहान छेदाने सुरुवातीचे दुखणे कमी, व्रण लहान, सांधा आखडण्याची भीती कमी, पण वर्षभरानंतर अंगठा किती सरळ राहिला आणि माणूस किती चालू लागला, हे पाहिले तर दोन्हींत फार फरक उरत नाही.

आत्याचे उजव्या पायाचे ऑपरेशन पुढच्या मार्चमध्ये झाले. कापूस संपलेला, पेरणीला अवकाश, म्हणून तो महिना आम्ही निवडला. आणि उन्हाळ्यात आपल्याकडे पाण्याचे काय हाल होतात हे विसरलो. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते: पहिले दोन आठवडे पाय उशीवर उंच, फक्त संडासापुरते उठायचे, दीड महिना कडक तळाचा बूट काढायचा नाही, शेतातले काम तीन महिन्यांनी. सूज पूर्ण उतरायला सहा महिने, कधी वर्षही. आम्ही सर्वांनी माना हलवल्या. दहाव्या दिवशी नळाला पाणी आले, तेही आठ दिवसांनी. सून हरभरा काढायला शेतात, आतेभाऊ बाजारात, नातू शाळेत. बूट भिजू नये म्हणून आत्याने तो काढून ठेवला, पायात सपाता चढवल्या आणि दोन टाक्या भरल्या.

रात्री पाय भोपळ्यासारखा सुजला. छेदातून पाणी झिरपू लागले. नशीब असे की एक्स-रेमध्ये स्क्रू आणि हाड जागच्या जागी दिसले. पण औषधे वाढली, फेऱ्या वाढल्या, आणि दीड महिन्याचे साडेतीन महिने झाले. त्या आषाढात आत्या घरीच होती. डॉक्टर रागावले ते तिच्यावर. मला मात्र वाटले, रागवायचेच तर आमच्यावर रागवायला हवे होते.

कारण काही वर्षांपूर्वी आत्याच्या यजमानांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले होते. तेव्हा ते दोन महिने खाटेवर होते. पाण्याचा पेला हातात, जेवण पुढ्यात, पथ्य वेळच्या वेळी. त्यांना ‘उठू नका’ हे कोणाला सांगावे लागले नाही, आणि नळाला पाणी आले म्हणून ते उठतील असे कोणाच्या स्वप्नातही आले नाही. त्यांच्यामागे आत्या होती. आत्याच्या मागे कोण, हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी आम्ही विचारलाच नाही. पैशांची जुळवाजुळव केली, गाडी ठरवली, डॉक्टर शोधला. दीड महिन्याची जुळवाजुळव केली नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. शस्त्रक्रिया लहान झाली आहे ही आनंदाची गोष्ट. पण तिच्यानंतरची विश्रांती लहान झालेली नाही. आणि ही विश्रांती औषधाच्या दुकानात मिळत नाही. ती घरातल्यांनी द्यायची असते. ती द्यायची तयारी नसेल तर कितीही नवे यंत्र आणि कितीही निष्णात सर्जन असला तरी ऑपरेशन अर्धेच होणार.

आणखी दोन गोष्टी या निमित्ताने सांगितल्या पाहिजेत. पहिली, वाकडा अंगठा दिसला की ऑपरेशन, असे नाही. दुखत नसेल तर हात लावू नये; शोभेसाठी तर नाहीच. लग्नात नाजूक सँडल घालता यावी म्हणून हाड कापून घेणे हा सौदा महागात पडतो, कारण यातही जंतुसंसर्ग होतो, अंगठ्याची शीर दुखावून बधिरपणा राहतो, स्क्रू टोचतो, हाड जुळायला उशीर होतो आणि काही जणांचा अंगठा काही वर्षांनी पुन्हा वाकतो. वाढत्या वयाच्या मुलींच्या बाबतीत तर बहुतेक सर्जन हाडांची वाढ पुरी होईपर्यंत थांबायला सांगतात. आधी चप्पल बदलावी: पुढून रुंद, मऊ, पायाच्या मापाची. चप्पल संध्याकाळी घ्यावी, तेव्हा पाय दिवसभराच्या कामाने थोडा फुगलेला असतो. बोटांमध्ये ठेवायच्या सिलिकॉनच्या गाद्या, रात्री बांधायच्या पट्ट्या यांनी आराम पडतो. मोठ्या माणसाचा अंगठा त्यांनी कायमचा सरळ होत नाही, मग जाहिरात काहीही म्हणो. आणि अंगठ्याचा सांधा एका रात्रीत लाल, गरम होऊन ठणकू लागला तर ते बहुधा हे दुखणे नव्हे, युरिक ॲसिडचे असू शकते. त्याचे औषध वेगळे.

दुसरी गोष्ट मधुमेहाची. साखर असलेल्या माणसाच्या या गाठीवर चप्पल घासून जखम झाली आणि पाय बधिर असल्याने ती कळलीच नाही, तर गोष्ट बोट गमावण्यापर्यंत जाऊ शकते. अशांनी रोज रात्री पाय पाहावेत. ऑपरेशनचा विचार असेल तर आधी पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्यावा आणि साखर आटोक्यात आणावी. तंबाखू आणि विडीनेही हाड जुळायला उशीर लागतो.

डॉक्टरांना चार प्रश्न विचारायला संकोच करू नये. या पद्धतीने तुम्ही किती ऑपरेशने केली आहेत? लहान छेदांच्या कामाला हात बसायला वेळ लागतो, त्यामुळे हा प्रश्न उद्धट नाही. माझ्या पायाला हीच पद्धत का, जुनी का नाही? परत वाकण्याची शक्यता किती? माझे रोजचे काम मी कधी सुरू करू शकेन? शेवटचा प्रश्न विचारताना ‘काम’ म्हणजे काय हे नीट सांगावे. शहरातल्या सर्जनच्या मनात घरकाम म्हणजे ओट्यापुढे उभे राहणे असते. डोक्यावर हंडा घेऊन ढेकळांतून चालणे नसते. आणि सरकारी योजनेत बसेल असे गृहीत धरून भरती होऊ नये. आधी चौकशी करावी.

एक मागणी सरकारकडेही. पूर्वी हाडाच्या मोठ्या कामासाठी आम्हा बुलढाणेकरांना अकोला, संभाजीनगर नाहीतर नागपूर गाठावे लागे. बुलढाण्याला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा आशा वाढली आहे. गावोगावच्या शिबिरांत बायकांचा रक्तदाब मोजतात, साखर तपासतात, डोळे पाहतात. तिथेच एखाद्या परिचारिकेने ‘मावशी, चप्पल काढा’ एवढे म्हटले तरी पुष्कळ काही वेळीच कळेल. हा जिल्हा चालणाऱ्यांचा आहे. देवाला चालणारा आणि शेतालाही. आपण पादुका डोक्यावर घेतो. घरातल्या पायांकडे वाकून पाहायला काय हरकत आहे?

आत्याचा डावा पाय राहिला होता. उजव्याचा अनुभव घेतल्यावर ती नकोच म्हणेल असे वाटले होते. पण उजवा पाय आता दुखत नव्हता आणि डावा तेवढा खुपत होता. त्यानंतरच्या फेब्रुवारीत तिने सगळ्यांना ओसरीवर बसवले. म्हणाली, “कापाले मी तयार हाय. पन आधी सांगा, पानी कोन भरनार? भाकरी कोन टाकनार? शेळ्या कोन पाह्यनार?” कोणी काही बोलेना. मग नातवाने भिंतीवरचे कॅलेंडर काढले आणि बेचाळीस चौकोनांना लाल पेनाने गोल केले. प्रत्येक गोलात एकेकाचे नाव. पाणी आतेभावाकडे आले. भाकरी त्याच्या हातून नकाशासारख्या होत, पण झाल्या. एक रविवार माझाही होता. आत्या खाटेवर, पाय उशीवर, आणि तोंडाने सूचना अखंड चालू. दोन वेळा ती उठायला गेली. दोन्ही वेळा नातवाने कॅलेंडर दाखवले.

गेल्या वर्षी पालखी खामगावला आली तेव्हा आत्या तिथे होती. पायात पुरुषांच्या मापाचे रुंद कॅनव्हासचे बूट, वर लुगडे. लोक हसले, ती त्यांच्याहून जास्त हसली. सगळी वाट तिने एका दमात चालली असे नाही. तीनदा बसली, चहा घेतला, बूट सैल केले. पण दुपार कलताना शेगावचा कळस दिसला तो तिला चालताना दिसला.

घरी परतल्यावर मी नमस्काराला वाकलो. या वेळी हात लावण्याआधी पाय पाहिले. दोन्ही अंगठे समोर पाहत होते.